एका यंत्रावर पास, दुसऱ्यावर नापास

एकाच पोत्यांतील बियाणें दोन शेतांत पेरलें. एका शेतांत उगवलें, दुसऱ्यांत उगवलें नाहीं. अशा वेळीं खानदेशांतील जाणता शेतकरी बियाण्यास एकदम दोष देत नाहीं, आणि ‘माझ्या शेतांत तर उगवलें’ असें म्हणून शेजाऱ्यास वाटेलाही लावीत नाहीं. तो दोन्ही शेतांच्या बांधावर जाऊन उभा राहतो. माती कशी, ओल किती, पेरणी कोणत्या दिवशीं झाली, बीं किती खोल पडलें, हें एकेक करून विचारतो. पोतें एकच, मग फरक कशांत, हा त्याचा प्रश्न असतो. संगणकाच्या विद्येंतही असाच प्रसंग वारंवार येतो, आणि त्याचें उत्तर याच रीतीनें शोधावें लागतें. त्या रीतीचा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

जळगांव येथें १९९० सालीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें, आणि २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. आज जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ मुलेंमुली संगणकाचें शास्त्र शिकत आहेत. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं कित्येकांची वाट तिकडेच जाईल. मुलगा किंवा मुलगी रात्र रात्र पडद्यासमोर बसून नेमकें काय शोधीत असते, याचा उलगडा घरच्या वडील मंडळींस होत नाहीं. पुष्कळदां तें शोधणें या लेखांत सांगितलेल्या प्रकारचेंच असतें.

चाचणी आणि बांधणी

संगणकानें काय करावयाचें तें क्रमवार लिहून दिलेलें असतें. त्या लिखाणास प्रोग्राम म्हणतात. माणसानें लिहिलेला प्रोग्राम बहुधा जसाच्या तसा कामास लावतां येत नाहीं. त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करावें लागतें, दुसऱ्यांनीं लिहिलेले आवश्यक भाग आणून त्यास जोडावे लागतात, आणि मग तो चालण्यास सिद्ध होतो. या क्रियेस बिल्ड, म्हणजे बांधणी, असें म्हणतात. बांधणी झाली कीं प्रोग्रामाची परीक्षा घ्यावयाची. त्यासाठीं प्रश्नपत्रिकेसारख्या चाचण्या आगाऊ लिहून ठेवलेल्या असतात. ‘बारा डझन केळीं म्हणजे किती?’ असें विचारावयाचें. उत्तर १४४ आलें तर पास, न आलें तर नापास. ही परीक्षा यंत्रच घेतें, आणि मोठ्या प्रोग्रामास अशा हजारों चाचण्या असतात.

परंतु ज्या यंत्रावर बांधणी होते त्याच्या कांहीं गोष्टी प्रोग्रामांत लिहिलेल्या नसतात. त्याचें घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर लावलें आहे, त्याची भाषा इंग्रजी आहे कीं मराठी, जोडलेले भाग कोणत्या आवृत्तीचे आहेत, फाइली कोणत्या क्रमानें हातीं येतात, हें सारें त्या यंत्राचें वातावरण होय. प्रोग्राम हा बियाण्यासारखा, वातावरण हें शेतासारखें. एकाच प्रोग्रामाची एकच चाचणी एका वातावरणांत पास आणि दुसऱ्यांत नापास झाली, म्हणजे आमचा विषय उपस्थित होतो.

यंत्रांतील दोषास इंग्रजींत बग, म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या एका रिलेमध्यें खराखुरा पतंग अडकलेला सांपडला, आणि तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला. तो किडा बाहेरून आला होता आणि डोळ्यांस दिसत होता. आमच्या विषयांतील दोषही प्रथमदर्शनीं असाच बाहेरून आलेला वाटतो, पण तो दिसत नाहीं. तो खरोखर कोठें असतो, हें पुढें कळून येईल.

एक उदाहरण

समजा, रावेरकडील केळीच्या व्यवहारासाठीं कांहीं विद्यार्थ्यांनीं मिळून एक प्रोग्राम लिहिला. गाडी भरली कीं वजनाची पावती निघावी, पावतीवर तारीख पडावी, आणि त्या तारखेच्या भावानें रक्कम काढावी, इतकेंच त्याचें काम. केळीचा भाव दिवसागणिक बदलतो. म्हणून तारीख चुकली कीं रक्कम चुकली. हें जाणून त्यांनीं एक चाचणी लिहिली: पांच तारखेस पहाटे चार वाजतां भरलेल्या गाडीच्या पावतीवर पांच तारीखच आली पाहिजे.

जळगांवच्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर ती चाचणी दहा वेळां चालविली. दहाही वेळां पास. मग सर्वांचें काम एकत्र करून बांधणी करणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर प्रोग्राम पाठविला. तेथें तीच चाचणी नापास. पावतीवर चार तारीख! त्यांचा एक सोबती धुळ्यास होता. त्याच्या यंत्रावर आणखी निराळाच प्रकार: तारखेची चाचणी पास, पण वजनाची नापास. पडद्यावर पाहावें तर वजन अगदीं बरोबर दिसत होतें.

हें उदाहरण समजुतीसाठीं रचलेलें आहे. परंतु त्यांतील दोन्ही दोष खरे आहेत, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांस ते नेहमीं भेटतात.

तीन आडवाटा

अशा वेळीं मनुष्याचें मन तीन आडवाटांनीं जाऊं पाहतें. पहिली वाट म्हणजे ‘माझ्या यंत्रावर चालतें’ असें म्हणून स्वस्थ बसणें. हें विधान खरें असतें, पण निरुपयोगी असतें. पावती ज्या यंत्रावर निघावयाची तें यंत्र लिहिणाराच्या घरीं नसतें.

दुसरी वाट म्हणजे चाचणी पास होईपर्यंत पुन्हां पुन्हां चालवीत राहणें. कधीं कधीं ती पासही होते. पण कारण कळल्यावांचून गेलेला ताप जसा परत येतो, तसा हा दोषही परत येतो, आणि तो बहुधा कामाच्या गर्दींत येतो.

तिसरी वाट सर्वांत वाईट. ती म्हणजे नापास झालेली चाचणीच काढून टाकणें, किंवा त्या सर्व्हरपुरतें ‘चार तारीख हेंच बरोबर उत्तर’ असें लिहून ठेवणें. हें म्हणजे काटा खोटा निघाला म्हणून वजनेंच बदलण्यासारखें झालें.

यांत कोणाचें काय जातें? शेतकऱ्याचें जातें. गाडींत शंभर क्विंटल माल आहे आणि कालच्यापेक्षां आजचा भाव क्विंटलमागें पन्नास रुपयांनीं चढला आहे, असें धरा. पावतीवर कालची तारीख पडली तर त्या एका पावतींत पांच हजार रुपये बुडाले. ज्याचे बुडाले त्यास टाइम झोन म्हणजे काय हें ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. त्याच्या वतीनें तें जाणून घेण्याचें काम प्रोग्राम लिहिणारानें पत्करलेलें असतें. नापास झालेली चाचणी ही त्या शेतकऱ्याची आधींच मिळालेली तक्रार होय. ती ऐकून न ऐकल्यासारखी करणें हा आळस तर आहेच, पण अन्यायही आहे.

शोधाची रीत

आतां सरळ वाट सांगतों. तिच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: दोष हवा तेव्हां घडवून आणतां आला पाहिजे. कोणती चाचणी, कोणत्या यंत्रावर, किती वाजतां, कोणत्या आज्ञेनें चालविली, आणि यंत्रानें नेमके कोणते शब्द छापले, हें जसेंच्या तसें लिहून घ्यावें. ‘कांहीं तरी चुकलें’ ही नोंद नव्हे. ‘पांच तारीख हवी होती, चार आली’ ही नोंद होय. पुष्कळदां अर्धें उत्तर याच वाक्यांत असतें. तारीख दहाबारा दिवसांनीं चुकली नाहीं, बरोबर एका दिवसानें चुकली, हें सूचक आहे.

दुसरी पायरी: दोन्ही यंत्रांच्या वातावरणाची यादी करून ती समोरासमोर ठेवावी. घड्याळाची वेळ, भाषा, कार्यप्रणाली, जोडभागांच्या आवृत्त्या, फोल्डरचें नांव, चाचण्यांचा क्रम, अशी एकेक ओळ ताडून पाहावी. जेथें दोन्हीकडे सारखें असेल तेथें काट मारावी. उरतील ते संशयित.

तिसरी पायरी: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. रसायनशाळेंत आपण हाच नियम पाळतों. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि चाचणी पास झाली, तर आनंद होईल, पण ज्ञान होणार नाहीं. कारण चौघांपैकीं कोणी काम केलें हें कळत नाहीं. संशयित फार असले तर निम्मे करीत जावें. समजा, सोळा फरक आहेत आणि दोष त्यांपैकीं एकाच फरकामुळें उघड होतो. आठ फरक मिटवून चाचणी चालवावी. पास झाली तर कारण त्या आठांत, न झाली तर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. सोळा वेळां धडपडण्याचें काम चार वेळांत होतें.

चौथी पायरी पुष्कळजण विसरतात. ती म्हणजे उलटा पडताळा. संशयित फरक नापास यंत्रावर मिटविला असतां चाचणी पास झाली पाहिजे, आणि तोच फरक पास यंत्रावर मुद्दाम आणला असतां ती नापास झाली पाहिजे. दोन्ही बाजूंनीं सिद्ध झालें म्हणजेच कारण सांपडलें असें समजावें. एका बाजूनें सिद्ध झालेलें तें केवळ अनुमान.

घड्याळाचा गुंता

ही रीत आमच्या उदाहरणास लावून पाहूं. जळगांवचें यंत्र भारतीय वेळेवर होतें. दूरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यू.टी.सी.वर, लावलेले असतात. हाही तसाच होता. जळगांवच्या यंत्राचें घड्याळ जागतिक वेळेवर लावतांच तेथेंही चार तारीख आली, आणि सर्व्हरचें घड्याळ भारतीय वेळेवर लावतांच पांच आली. पडताळा दोन्ही बाजूंनीं झाला.

कारण असें कीं, भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. आपल्याकडे पांच तारखेचे पहाटेचे चार वाजतात, तेव्हां जागतिक वेळेनें चार तारखेचे रात्रीचे साडेदहाच वाजलेले असतात. संगणक आंतून सामान्यतः क्षण मोजतो. १९७० सालच्या आरंभापासून किती सेकंद लोटले हा त्याचा हिशेब, आणि तो आकडा जगांत सर्वत्र सारखा. पण त्या क्षणास कोणती तारीख म्हणावयाची हें, कोणी वेगळें सांगितलें नाहीं तर, तो स्वतःच्या घड्याळाच्या देशाप्रमाणें ठरवितो. लिहिणारानें ‘तारीख दे’ एवढेंच सांगितलें होतें. ‘भारताची तारीख दे’ असें सांगितलें नव्हतें. जळगांवांत बसून लिहितांना तसें सांगण्याची गरजच भासली नाहीं. चाचणीनें ठराविक क्षण न घेतां ‘आतां’ची वेळ घेतली असती, तर दोष आणखीच लपला असता. मग तो मध्यरात्रीपासून पहाटे साडेपांचपर्यंतच दिसला असता, आणि दिवसा काम करणारास कधींच सांपडला नसता.

वेळ ही सृष्टींतच ठरलेली आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती माणसांनीं ठरविलेली आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या पूर्व रेखांशावरून मोजतात. जळगांव त्याच्या पश्चिमेस सुमारें सात अंश आहे, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावरील रेषेवर येतो तेव्हां घड्याळांत बारा वाजून सरासरीनें अठ्ठावीस मिनिटें झालेलीं असतात. धुळ्यास सुमारें एकतीस. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ लागू झाली, तरी मुंबईंत जुनी मुंबई वेळ त्यानंतरही कित्येक वर्षें चालत होती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाचें घड्याळ आणखी एक तास पुढें ठेवलें होतें. म्हणून ‘जागतिक वेळेंत साडेपांच तास मिळवा’ असें प्रोग्रामांत हातानें लिहून ठेवणें हाही पुरता उपाय नव्हे. १९४४ सालची एखादी जुनी नोंद त्यानें एका तासानें चुकेल. जगांतील गांवोगांवच्या वेळांचा इतिहास नोंदणारा एक सार्वजनिक कोश आहे, आणि त्यांत भारताची वेळ कोलकात्याच्या नांवाखालीं दिलेली आहे. प्रोग्रामानें त्या नांवानेंच वेळ मागावी, म्हणजे अशा साऱ्या फेरफारांची काळजी कोश घेतो.

येथें धुळ्याच्या एका थोर पुरुषाची आठवण होणें साहजिक आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें दिवंगत झाले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरांत उभें राहिलें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. जुन्या कागदांत काम करणारास पहिला धडा हाच मिळतो कीं, नुसत्या आकड्यास अर्थ नसतो. कागदावरचें वर्ष शालिवाहन शकाचें, राज्याभिषेक शकाचें, सुहूर सनाचें, फसलीचें कीं हिजरीचें, हें ठरल्यावांचून इतिहास लिहितां येत नाहीं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक इसवी सन १६७४ मधील. तोच शालिवाहन शके १५९६ मधील, आणि राज्याभिषेक शकाचें तें पहिलें वर्ष. आकडे तीन, घटना एक. पावतीवरील तारखेचा गुंता याहून निराळा नाहीं: तारीख लिहिली, पण ती कोणत्या गणनेची हें लिहावयाचें राहिलें.

आतां उपाय कोणता? सर्व्हरचें घड्याळ भारतीय वेळेवर लावून ठेवलें तर चाचणी पास होईल; पण उद्यां सर्व्हर बदलला कीं पुन्हां तेंच. खरा उपाय म्हणजे जें मनांत गृहीत धरलें होतें तें प्रोग्रामांत उघड लिहिणें: ‘या पावतीची तारीख नेहमीं भारतीय वेळेनें काढावी.’ मग यंत्र जळगांवचें असो, धुळ्याचें असो वा परदेशांतील असो, उत्तर एकच येईल.

आकड्यांचा गुंता

धुळ्याच्या सोबत्याची अडचण याहून मौजेची आहे. त्यानें आपल्या यंत्राची भाषा मराठी ठेवली होती. प्रोग्रामानें वजन छापलें तें नागरी आकड्यांत. चाचणी लिहिणारानें मात्र उत्तर इंग्रजी वळणाच्या आकड्यांत लिहून ठेवलें होतें. आपण वाचणारे दोन्ही आकडे सारखेच समजतों. पण संगणकास अक्षर म्हणजे क्रमांक. इंग्रजी पांचाचा क्रमांक ५३, आणि नागरी पांचाचा २४११. म्हणून तुलना करतांच त्यानें ‘सारखें नाहीं’ असा निकाल दिला, आणि त्याच्या दृष्टीनें तो बरोबरच होता.

ही गोष्ट मराठी मुलांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोणत्या भाषेंत आकडे, तारखा, महिन्यांचीं नांवें कशीं लिहावयाचीं याचा एक जागतिक कोश युनिकोड ही संस्था प्रसिद्ध करते. त्यांत मराठीसाठीं नागरी आकडे हे सहज चालीचे मानले आहेत. हिंदीसाठीं मात्र लिपी एकच असूनही इंग्रजी वळणाचे आकडे मानले आहेत. जावा या भाषेनें २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून हा कोश आपण होऊन प्रमाण धरला. म्हणून एखादा प्रोग्राम इंग्रजी यंत्रावर पास होईल, हिंदी यंत्रावरही पास होईल, आणि मराठी यंत्रावरच अडेल! अशा वेळीं ‘यंत्राची भाषा मराठी ठेवूं नका’ असा सल्ला देणें सोपें आहे. पण आमच्या मतें तो चुकीचा आहे. आपल्या भाषेंत यंत्र वापरणारानें कांहींच चूक केलेली नसते.

येथें उपाय असा कीं, लिहिण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे. माणसानें वाचावयाची पावती त्याच्या भाषेंत आणि त्याच्या आकड्यांत असावी. तो त्याचा हक्क आहे. परंतु एका प्रोग्रामानें लिहून दुसऱ्यानें वाचावयाचें जें असतें, तें ठरलेल्या एकाच पद्धतीनें लिहावें, आणि ती पद्धत नांव घेऊन सांगावी. चाचण्याही दोन लिहाव्या: एक मराठी पावतीची, एक यंत्राच्या नोंदीची. मग धुळ्याचा सोबती अडचण न ठरतां चाचणीस उपकारक ठरतो.

न दिसणारे फरक

कांहीं फरक असे असतात कीं ते पडद्यावर दिसतच नाहींत. २०२३ च्या मार्चांत जावाची विसावी आवृत्ति निघाली. तींत वर सांगितलेल्या कोशाची नवी आवृत्ति होती, आणि इंग्रजींत वेळ लिहितांना आकडे व ए.एम. ही अक्षरें यांमधील साधी मोकळी जागा बदलून तेथें अरुंद, न तुटणारी मोकळी जागा घातलेली होती. साध्या जागेचा क्रमांक ३२, नव्या जागेचा ८२३९. छापलेल्या दोन्ही ओळी डोळ्यांस जवळजवळ सारख्या. चाचण्या मात्र नापास. अशा ठिकाणीं डोळ्यांवर विश्वास न ठेवतां प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापून पाहावा, म्हणजे किडा लगेच सांपडतो.

क्रमाचा दोषही असाच न दिसणारा. वर्गांत पहिल्या मुलानें फळ्यावर गणित सोडविलें आणि फळा न पुसतां तो जागेवर बसला. दुसऱ्या मुलानें तेंच उत्तर पाहून आपलें गणित सोडविलें. दोघांसही गुण मिळाले. एके दिवशीं गुरुजींनीं दुसऱ्यास आधीं बोलाविलें, आणि तो अडला. चाचण्यांचेंही असेंच होतें. एका चाचणीनें मागें ठेवलेल्या नोंदीवर दुसरी नकळत विसंबून असते. २०११ सालीं जावाची सातवी आवृत्ति निघाली, तेव्हां चाचण्या हातीं येण्याचा पूर्वीचा क्रम भरंवशाचा राहिला नाहीं, आणि वर्षानुवर्षें पास होणाऱ्या चाचण्या कांहीं ठिकाणीं नापास होऊं लागल्या. पुढील वर्षीं जेयुनिट या चाचण्या घेणाऱ्या साधनानें ठराविक क्रम लावून दिला. तरी खरा धडा हाच कीं, प्रत्येक चाचणीनें सुरुवातीस आपला फळा आपण पुसावा.

आपण होऊन परीक्षा

इतक्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोष सर्व्हरांत नव्हता, मराठी भाषेंत नव्हता, आणि नव्या आवृत्तींतही नव्हता. दोष होता तो न बोललेल्या गृहीतांत. ‘सगळीकडे आपल्याच गांवची वेळ असते’, ‘आकडे एकाच वळणाचे असतात’, ‘जागा म्हणजे एकच प्रकारची जागा’, ‘माझ्या आधीं अमुक येतोच’, अशीं हीं गृहीतें. तीं आपल्या यंत्रावर खरीं ठरत होतीं, म्हणून दिसत नव्हतीं. दुसऱ्या यंत्रानें तीं उघडीं केलीं. म्हणून नापास करणाऱ्या यंत्रास शत्रु समजूं नये. आपणांस जें दिसत नव्हतें तें दाखविणारा तो साक्षीदार होय.

शहाणी मंडळी असा साक्षीदार येण्याची वाट पाहत नाहींत. त्यास आपण होऊन बोलावितात. डेबियन या नांवाची लिनक्सची जी मोठी सार्वजनिक योजना आहे, तिच्या कार्यकर्त्यांनीं २०१३ पासून असा उद्योग आरंभिला. एकच प्रोग्राम दोनदां बांधावयाचा. पहिल्या वेळीं एक टाइम झोन, एक भाषा, एक तारीख. दुसऱ्या वेळीं मुद्दाम निराळा टाइम झोन, निराळी भाषा, निराळी तारीख, आणि फाइलींचा क्रमही निराळा. इतकें करून दोन्ही बांधण्या अक्षरशः सारख्या निघाल्या पाहिजेत. न निघाल्या तर कोठें तरी यंत्राचें वातावरण प्रोग्रामांत झिरपलें आहे असें समजावें. यांत आणखी एक लाभ आहे. सिद्ध प्रोग्राम वाटेंत कोणी बदलला नाहीं, याची खात्री ज्यास वाटेल त्यास स्वतः बांधून करून घेतां येते.

आमच्या विद्यार्थ्यांनींही आपल्या लहानशा प्रोग्रामावर हा प्रयोग करून पाहावा. त्यास खर्च कांहींच नाहीं. यंत्राचें घड्याळ एकदां जागतिक वेळेवर लावा. भाषा एकदां मराठी, एकदां इंग्रजी ठेवा. फोल्डरच्या नांवांत एक मोकळी जागा घाला, किंवा तें नांव नागरींत लिहा. फाइलीच्या इंग्रजी नांवांत कोठें मोठें अक्षर आहे आणि कोठें लहान, हें पाहा. विंडोज तो भेद सामान्यतः मानीत नाहीं, लिनक्स मानतें. चाचण्या उलट्या क्रमानें चालवा. शेवटीं, ज्यावर आपलें कांहींच नाहीं अशा सोबत्याच्या कोऱ्या यंत्रावर सारें पहिल्यापासून बांधा. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदला, आणि काय झालें तें वहींत लिहा. पाटीवर लिहिलेलें पुसलें जातें, वहींतलें राहतें.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपलें मूल एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या फरकामागें दोन दोन दिवस लागलें, तर तो वेळ वायां गेला असें मानूं नये. ‘चालतें ना, मग पुरे’ असें म्हणणारे पुष्कळ असतात. ‘येथें चालतें आणि तेथें कां चालत नाहीं’ असें विचारणारे थोडे. ही सवय एकदां लागली कीं ती संगणकापुरती राहत नाहीं. वैद्यास ती हवी, न्यायाधीशास हवी, शेतकऱ्याजवळ तर ती पूर्वीपासूनच आहे. तापीकांठचा शेतकरी दोन शेतांच्या बांधावर उभा राहून जें करतो, तेंच त्याच्या मुलीनें दोन यंत्रांमध्यें बसून करावयाचें आहे: दोष देण्याची घाई न करतां फरक शोधावयाचा, एकेक करून ताडून पाहावयाचा, आणि सांपडलेलें कारण पुढच्यासाठीं स्पष्ट लिहून ठेवावयाचें. तिच्या पावतीवर विसंबून गाडी भरणारा जो कोणी असेल, तो तिला ओळखीत नसेल. तरी पहाटे चार वाजतां त्याच्या हातांत पडणारी तारीख बरोबर असली पाहिजे, ही जबाबदारी तिचीच आहे.